नाताळची सुट्टी, दुर्बीण आणि आकाशदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आकाशदर्शनवाल्यांचे फोन वाजू लागतात. पावसाचे ढग गेलेले असतात, रात्री मोठ्या झालेल्या असतात, इंग्रजी शाळांना आठवडाभर आणि मराठी शाळांना निदान एक दिवस सुट्टी असते, परदेशातले नातेवाईक यायचे असतात. अशात घरात कुणीतरी म्हणतं, "यंदा पोरीला दुर्बीण घेऊ या." पुढचे प्रश्न अशाच फोनांतून आणि गच्चीवरच्या गप्पांतून गोळा केले आहेत. उत्तरं एका हौशी माणसाची आहेत. त्यात मतं भरपूर आहेत, ती लपवलेली नाहीत.

मुलीला नाताळात दुर्बीण द्यायची आहे. कोणती घेऊ?

तिनं आजवर आकाश किती पाहिलंय ते आधी सांगा. मृग नक्षत्र तिचं तिला सापडत असेल, अष्टमीचा चंद्र संध्याकाळी कुठे असतो हे तिला ठाऊक असेल, तर दुर्बिणीचं बोलू. नसेल तर पहिली भेट म्हणून एक रात्र द्या: अंधाऱ्या जागी, माहीतगार माणसांसोबत. अशा ठिकाणी चार-पाच तऱ्हेच्या दुर्बिणी लावलेल्या असतात आणि रांगेत उभं राहून सगळ्यांतून डोकावता येतं. कुठली आपल्याला उचलवते आणि कुठली नुसती दिसायला देखणी आहे, हे तिथं न विचारता कळतं.

खरेदीच्या टप्प्यावर तीन गोष्टी बघा, आणि याच क्रमानं. ती किती भक्कम उभी राहते? तिच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती? आणि घरातून गच्चीवर ती कोण नेणार? तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरातली आठ इंची दुर्बीण वर्षातून दोनदा बाहेर निघते, आणि चार इंची दर शनिवारी.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी टेबलावर ठेवायची ११४ ते १३० मिमी आरशाची डॉबसोनियन (साध्या फिरत्या पेटीवर बसवलेली दुर्बीण, तिच्याबद्दल पुढे आहे) सगळ्यांत बरी. लांब, काटकुळ्या तिपाईवरची दुर्बीण शक्यतो टाळा. तिला बोट लागलं की गुरू नाचायला लागतो, आणि तो स्थिर होईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्यामुळे दृश्यातून निघूनही गेलेला असतो. पोर दोन दिवसांत कंटाळतं आणि दोष आकाशाला मिळतो.

खोक्यावर "५२५ पट" असं लिहिलंय. मग ती भारी असणार ना?

हा आकडा कसा येतो ते बघा. दुर्बिणीची नाभीय लांबी (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, सोबत ४ मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग. ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यात तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की झाले ५२५. गणित बरोबर आहे, उपयोग शून्य. ढोबळ नियम असा की भिंगाच्या दर मिलिमीटर व्यासामागे फार तर दोन पट. ७० मिमीचं भिंग १४० पटींच्या पुढे ताणलं की चित्र फुगतं, अंधुक होतं, आणि नवं काहीच दिसत नाही. त्यातही वरची हवा हलत असेल तर शंभर पटही जास्त होतात.

शनीची कडी ओळखायला तीस-चाळीस पट पुरतात. चंद्रावरची विवरं वीस पटींतही सुरेख दिसतात. खोक्यावर व्यासापेक्षा पटींचा आकडा मोठ्या अक्षरात असेल तर खोकं परत फळीवर ठेवा. आणि त्यावरची गुलाबी-निळ्या तेजोमेघांची (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांची) छायाचित्रं त्या दुर्बिणीतून काढलेली नसतात, हे मुलांना आधीच सांगून टाका.

द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेतली तर चालेल का?

मला विचाराल तर पहिली खरेदी हीच. १०×५० म्हणजे दहा पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ५० मिमीचं. गच्चीवर आरामखुर्ची टाकायची, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचे आणि कृत्तिका बघायच्या. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तिथं कित्येक डझन निळसर तारे उभे राहतात. हात स्थिर असतील तर गुरूचे चंद्र दिसतात. देवयानी दीर्घिकेचा लांबट धुरकट पट्टा दिसतो, तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. शिवाय तारे कंटाळवाणे वाटले तर पक्षी आहेतच.

७×५० चांगली की १०×५०? ७×५० मधून बाहेर पडणारा प्रकाशझोत सुमारे ७ मिमी रुंद असतो. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही, त्यामुळे आजोबांसाठी घेताय तर १०×५०. मुलांचे हात मात्र १०×५० च्या वजनाला लवकर थकतात. त्यांना ७×३५ किंवा ८×४० द्या.

सगळे "डॉब, डॉब" म्हणतात. हे काय प्रकरण आहे?

लाकडी पेटीत गोल फिरणारी, वरखाली डुलणारी साधी परावर्तक दुर्बीण. मोटर नाही, घड्याळयंत्र नाही. तिच्यामागचा माणूस मात्र साधा नव्हता. जॉन डॉबसन यांचा जन्म १९१५ साली बीजिंगचा. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात संन्यासी म्हणून वीसेक वर्षं राहिले. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा आणि टाकाऊ लाकूड वापरून त्यांनी दुर्बिणी बनवल्या आणि त्या रस्त्यावर आणून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी पदपथावरच्या खगोलप्रेमींची संघटना उभी राहिली. तोवर मोठ्या आरशाची दुर्बीण म्हणजे महागडं लोखंडी धूड असायचं. डॉबसन यांनी तो सगळा खर्च आरशाकडे वळवला.

म्हणून आजही तेवढ्याच पैशात सर्वांत मोठा आरसा हवा असेल तर डॉब. सहा इंची डॉब एका माणसाला उचलता येते आणि तिच्यातून मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले चार तारे सुटे दिसतात. तोटा एवढाच की वस्तू तुम्हालाच शोधावी लागते. माझ्या लेखी तो तोटा नाही.

मोबाईलवर चित्र दाखवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणींचं काय?

त्यांच्यात नेत्रिकाच नसते. तीन ते पाच सेंटिमीटरचं भिंग, मागे कॅमेऱ्याचा संवेदक, आणि दहा-दहा सेकंदांची छायाचित्रं एकावर एक रचणारं सॉफ्टवेअर. शहरातल्या उजेडातही दहा मिनिटांत मृगाचा तेजोमेघ रंगीत दिसायला लागतो. आजीला थंडीत बाहेर न काढता घरात टीव्हीवर आकाश दाखवायचं असेल, तर उत्तम. ग्रहांसाठी मात्र कमजोर, शनी अगदी चिमुकला दिसतो. आणि पोरांना स्क्रीनपासून दूर न्यायला म्हणून घेणार असाल, तर जरा विचार करा.

हजारभर रुपयांत खगोलवेड्या मित्राला काय द्यावं?

पुष्कळ काही. लाल उजेडाची डोक्याला बांधायची टॉर्च द्या. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात ती मेहनत वाया जाते. लाल उजेडानं तेवढं बिघडत नाही. (साध्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबरबँडनं लावला तरी चालतं, पण भेट म्हणून ते बरं दिसत नाही.) जाड कानटोपी, चांगला थर्मास, दव पडलं तरी न भिजणारी चटई, निरीक्षणांसाठी पुठ्ठ्याची वही. फिरती तारका-तबकडी (तारीख-वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारा नकाशा) देणार असाल तर ती साधारण १९ अंश उत्तर अक्षांशासाठी आहे ना, हे बघून घ्या.

पैसे भरून ताऱ्याला बायकोचं नाव देता येतं म्हणे. खरंय?

प्रमाणपत्र मिळतं, ताऱ्याला नाव मिळत नाही. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. खऱ्या नामकरणाचं उदाहरण हवं असेल तर २०१९ चा डिसेंबर आठवा. संघानं देशोदेशींच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नावासाठी दिला होता. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याचं नाव ठरलं "बिभा", भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाचं "सन्तमस". बायकोला व्याध दाखवा आणि सांगा हा तुझा. फुकट आहे, आणि हिवाळाभर रोज दिसतो.

आणि अशनीचा, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाचा तुकडा?

खात्रीच्या विक्रेत्याकडून, कागदपत्रांसह मिळाला तर सुंदर भेट. बाजारात "अशनी" म्हणून विकले जाणारे बरेच दगड म्हणजे भट्टीतली धातूची मळी असते. लोणारला गेलात तर तिथून आठवण म्हणून खडे उचलू नका, ते अभयारण्य आहे.

अमेरिकेहून दादा येतोय. तिकडूनच दुर्बीण मागवू का?

मागवता येते, पण आधी काही गोष्टी तपासा. वॉरंटी बहुधा सोबत येत नाही. मोटर असलेल्या माउंटला (दुर्बीण पेलणाऱ्या बैठकीला) बारा व्होल्टचा पुरवठा लागतो. अॅडॉप्टर २२० व्होल्टवर चालणारा आहे का बघा, नाहीतर इथंच घ्या. भिंग, आरसा, नेत्रिका केबिन बॅगेत. तिपाई आणि वजनं सामानात. पॉवर बँक सामानात टाकू देत नाहीत, ती हातातच.

याहून महत्त्वाचं म्हणजे अक्षांश. ध्रुवतारा न्यू जर्सीहून चाळीस अंशांवर दिसतो, मुंबई-पुण्याहून जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर. तो बहुतेक वेळा शेजारच्या इमारतीमागे असतो. विषुववृत्तीय माउंट (ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो) तिकडच्या आकाशाचा विचार करून बनवलेला असेल तर इतका खाली वाकवताना त्याच्या वजनाचा दांडा तिपाईला अडू शकतो. तिकडे छापलेली तारका-तबकडीही इथलं दक्षिणेकडचं बरंच आकाश दाखवत नाही. म्हणून दादाला सांगायचंच तर नेत्रिका सांगा. २५ ते ३२ मिमीची एक बरी नेत्रिका कुठल्याही दुर्बिणीचं नशीब पालटते आणि खिशात मावते.

दुर्बीण आणली, जोडली, आणि काहीच दिसत नाही. फसलो का?

बहुतेक वेळा नाही. पहिली चूक म्हणजे रात्री जोडणं. दिवसा जोडा, आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाईलच्या मनोऱ्यावर रोखा. सूर्याच्या दिशेला अजिबात नको. टाकी मधोमध आली की वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तिच्यातही टाकी मधोमध आणा. हे केलं नसेल तर रात्री एखादा ग्रह शोधणं म्हणजे निव्वळ नशीब.

दुसरं, सगळ्यांत जास्त मिमीची नेत्रिका लावून सुरुवात करा. २५ चा आकडा कमी पटींचा असतो आणि ६ चा जास्त पटींचा. नवखे लोक उलटं समजतात. तिसरं, झाकण. मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं, लोक तेवढंच काढतात आणि अंधारात चाचपडत बसतात. चौथं, खिडकीच्या काचेतून पाहू नका. पाचवं, दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईल. परावर्तक दुर्बिणीत टाकी उलटी दिसते. तो दोष नाही. आकाशात वर-खाली काही नसतं.

नवी दुर्बीण आणली की ढग येतात हे खरं आहे?

जगभरच्या हौशी मंडळींची यावर अढळ श्रद्धा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर साधारण कोरडा असतो, पण भरवसा नाही. २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत चक्क पाऊस पडला. ढगांपेक्षा मोठी अडचण धूर आणि धुळीची. थंडीत खालच्या थरात हवा कोंडते आणि मुंबईवर करडी साय धरते. अशा रात्री चंद्र आणि ग्रह बघा, तेजोमेघांच्या नादी लागू नका. घाटमाथ्यावर गेलं की तो थर पायाखाली राहतो.

नाताळच्या आठवड्यात पहिल्या रात्री काय बघायचं?

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसातला नीट अंधार पडतो. तेव्हा देवयानी दीर्घिका माथ्याच्या थोडी उत्तरेला असते. शर्मिष्ठेच्या एम आकारावरून तिथं पोहोचा. मग ययातीतला जुळा तारकागुच्छ. तो द्विनेत्रीत जास्त शोभतो. दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, मान मोडेल इतक्या. त्यांच्या मागोमाग रोहिणीचा तांबूस तारा आणि सारथीतला ब्रह्महृदय.

पण रात्रीचा खरा मानकरी मृग. आठला तो पूर्वेला आडवा उगवून आलेला असतो, मध्यरात्रीच्या जरा आधी दक्षिणेला ताठ उभा राहतो. त्याच्यातले दोन ठळक तारे, काक्षी तांबडा आणि राजन्य निळसर, हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. मुलांना विचारा कुठला जास्त तापलेला असेल. बहुतेक जण चुकून तांबडा म्हणतात, आणि मग गप्पा सुरू होतात. मृगाच्या पट्ट्याखाली लटकणाऱ्या ताऱ्यांत मधला धूसर दिसतो, तो एम ४२ तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. दुर्बिणीतून तो राखाडी, फार तर हिरवट दिसेल. गुलाबी रंग कॅमेऱ्याचा. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. अशा वेळी नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवा, पंख पसरलेले दिसतील.

ग्रह दरवर्षी जागा बदलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी स्टेलॅरियमसारखं अॅप किंवा पंचांग बघा. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वीवरून नेमकी धारेवर आली होती. त्या वर्षी दुर्बीण घेतलेल्यांची थोडी निराशा झाली असेल. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

परदेशातून आलेल्या पाहुण्यांना इथलं काय खास दाखवावं?

अगस्त्य. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा लंडनहून किंवा न्यू जर्सीहून कधीच उगवत नाही. सुमारे ३७ अंश उत्तरेच्या वर राहणाऱ्यांना तो क्षितिजाखालीच असतो. नाताळच्या आठवड्यात मुंबईहून साडेआठ-नऊला तो दक्षिण-आग्नेयेला वर येतो आणि रात्री पाऊणच्या सुमारास बरोबर दक्षिणेला अठरा अंशांवर असतो. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा जरा कमी. गोव्यातून आणखी तीन-चार अंश वर. व्याधाच्या खाली बघत या, चुकणार नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी तीस वर्षं शिकागोत काढली आणि इथं येऊन अगस्त्य पाहिल्यावर पहिलं वाक्य काढलं, "अरे, हा लहानपणी होता की!"

पहाटेपर्यंत जागणारी मंडळी असतील तर साडेपाचच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू (सदर्न क्रॉस) शोधा. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून सोपा जातो.

नाताळात पौर्णिमा असेल तर सगळं फुकट?

तेजोमेघांपुरतं, हो. २०२६ मध्ये मार्गशीर्ष पौर्णिमा २३-२४ डिसेंबरला येते, म्हणजे नाताळच्या रात्री लख्ख चांदणं. अंधारासाठी त्या वर्षी ९ डिसेंबरच्या अमावास्येच्या आसपासचे शनिवार-रविवार गाठा. नेमकी २५ डिसेंबरची पौर्णिमा २०१५ मध्ये होती आणि पुढची २०३४ मध्ये. दर १९ वर्षांनी चंद्राच्या कला जवळपास त्याच तारखांना परत येतात, त्यातून हे घडतं.

चांदण्याच्या रात्री चंद्रच बघा, पण पौर्णिमेचा नको. तेव्हा सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. नवख्यांसाठी सप्तमी-अष्टमीचा चंद्र उत्तम: उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात.

उल्का बघायच्या असतील तर?

त्यासाठी नाताळची वाट पाहू नका, १३-१४ डिसेंबरच्या रात्री जा. मिथुन राशीतून येणारा तो उल्कावर्षाव वर्षातला सर्वांत भरवशाचा. आदर्श आकाशात ताशी शंभराच्या वर उल्का. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, याचा उगम फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी जोडलेला आहे. रात्री दहालाच मिथुन चांगली वर आलेली असते, त्यामुळे मुलांनाही पहाटेपर्यंत ताटकळावं लागत नाही. दुर्बीण घरी ठेवा. चटई, पांघरूण आणि नुसते डोळे. २२ डिसेंबरच्या आसपास ध्रुवमत्स्यातून एक छोटा वर्षाव असतो, पण आपल्याकडून तो भाग उत्तरेला खाली राहतो. पाच-सहा दिसल्या तरी खूप.

जायचं कुठे?

मुंबईकरांच्या तोंडी कित्येक वर्षं वांगणीचं नाव आहे. खगोल मंडळ या हौशी संस्थेची रात्रभराची आकाशदर्शनं तिथं होत आली आहेत आणि दोन पिढ्यांनी पहिला शनी तिथं पाहिलाय. बदलापूरची वस्ती सरकत आली तसं वायव्येचं आकाश उजळत गेलं, म्हणून जास्त अंधार हवा असलेले लोक माळशेज, भंडारदरा, जव्हारकडे जातात. पुणेकरांना वेल्हे आणि भोरकडचा भाग. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. एकट्यानं रान धुंडाळण्याआधी अशा संस्थेबरोबर एकदा जा. गोव्यात पणजीला हौशी खगोलप्रेमींची सार्वजनिक वेधशाळा आहे.

विदर्भातल्यांचं भाग्य थोर. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेचं "डार्क स्काय पार्क" म्हणून नाव मिळालं, देशातलं पहिलं. आसपासच्या गावांतले दिवे बदलून, उजेड जमिनीकडे वळवून हे साधलं गेलं. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं: अंधार तिथं राखला गेला.

कोकणचा किनारा ऐकायला छान वाटतो. पण या आठवड्यात प्रत्येक रिसॉर्टवर रोषणाई असते, आणि समुद्रात एलईडी लावून मासेमारी चालू असली तर पश्चिम क्षितिज पांढरं होतं. खाडीच्या आतलं एखादं गाव बघा.

रात्रभर बाहेर राहायचं म्हणजे काय काय सांभाळावं?

जागा दिवसा बघून ठेवा. शेत असेल तर मालकाला विचारा, गावात पोलीस पाटलांच्या कानावर घाला. अंधारात माणसं, नळकांडी आणि लाल दिवे बघून कुणालाही शंका येते. जुन्नर-आंबेगाव भागात बिबट्याचा वावर आहे, तिथं उघड्यावर आडवं पडू नका. बुटांत पाय घालण्याआधी ते झटका, विंचू असतो.

थंडीला कमी लेखू नका. नाशिक-निफाडकडे पारा एक आकडी होतो, आणि न हलता उभ्या माणसाला तो आणखी बोचतो. गाडीचे दिवे चालू करण्याआधी ओरडून सांगा. दुसऱ्याच्या दुर्बिणीला हात लावू नका, डोळा लावा. आणि थर्टी फर्स्टची पार्टी अन् आकाशदर्शन एकत्र करू नका. दोन्ही बिघडतात.

सुट्टीत दिवसा सूर्य बघता येईल?

येईल, पण दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर असेल तरच. स्वस्त दुर्बिणीसोबत नेत्रिकेला लावायची छोटी काळी काच येते, तिच्यावर "सूर्य" असं लिहिलेलं असतं. ती लगेच फोडून टाका. भिंगानं एकवटलेली उष्णता तिच्यावर पडते, ती तडकू शकते, आणि डोळा एका क्षणात जातो. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, काही नको. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, आणि कंकणाकृती बघायला अनेक जण नाताळची सुट्टी जोडून कासरगोड आणि उटीकडे गेले होते.

नाताळात एखाद्या हौशी माणसाला खरोखर काही सापडलंय का?

सापडलंय, आणि फार मोठं. एडमंड हॅले यांनी भाकीत केलं होतं की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या अखेरीस परत येईल. १७४२ मध्ये ते वारले. पॅरिसमध्ये गणिती क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी गुरू-शनीच्या ओढीचा हिशेब मांडून सूर्याजवळ येण्याची तारीख पुढे ढकलली. युरोपातले व्यावसायिक शोधत होते. १७५८ च्या नाताळच्या रात्री धूमकेतू पहिल्यांदा दिसला तो ड्रेस्डेनजवळच्या प्रोलिस गावच्या योहान पालित्श या शेतकऱ्याला. शेत सांभाळून स्वतःच खगोल शिकलेला माणूस. धूमकेतू एखाद्या तारखेला येईल असं आधी सांगता येतं, हे त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी सिद्ध झालं. पुढची फेरी २०६१ मध्ये. आज शाळेत असलेली मुलं ती पाहतील.

अलीकडचं म्हणाल तर टेरी लव्हजॉय या ऑस्ट्रेलियन हौशी निरीक्षकानं नोव्हेंबर २०११ मध्ये शोधलेला धूमकेतू. १६ डिसेंबरला तो सूर्याच्या प्रभामंडलातून जाऊनही वाचला आणि नाताळात दक्षिण गोलार्धात पहाटे लांब शेपटीसह झळकला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मात्र २०२० चा नाताळ जास्त आठवतो. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी दशांश एक अंशावर आले, दोघे एकाच नेत्रिकेत. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. करोनामुळे कुणी कुणाकडे जात नव्हतं, तरी सूर्यास्तानंतर गच्च्या भरल्या. दुसऱ्या दिवसापासून शहरांत रात्रीची संचारबंदी लागणार होती. आणि २०२१ मध्ये २५ डिसेंबरला आपल्याकडच्या घड्याळात संध्याकाळी पाच पन्नासला जेम्स वेब अवकाश दुर्बीण उडाली. केक बाजूला ठेवून मोबाईलवर उड्डाण बघणारे अनेक होते.

ख्रिस्तजन्माच्या गोष्टीतला बेथलेहेमचा तारा नेमका कुठला?

ठाम उत्तर नाही. १६०३ च्या डिसेंबरात गुरू-शनीची युती पाहिल्यावर खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी मागे हिशेब करून इसवी सनपूर्व ७ मधल्या अशाच युतीकडे लक्ष वेधलं होतं. धूमकेतू आणि नवतारा हेही सुचवले गेले आहेत. वसईत आणि गोव्यात दारोदार टांगलेले कागदी तारे मात्र खात्रीनं दिसतात.

सुट्टीत घरीच दुर्बीण बनवता येईल?

आठवड्यात पूर्ण होणार नाही, सुरुवात होईल. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि एक दुसरीवर घासत राहायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्यानं बारीक करायची, शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडनं चकाकी आणायची. मग फुको चाचणी: आरशासमोर दिवा आणि ब्लेडची धार ठेवून सावल्यांवरून आकार ओळखायचा. ही चाचणी इतकी नाजूक आहे की आरशावर बोट टेकवलं तर उष्णतेनं आलेला उंचवटाही दिसतो. शेवटी अॅल्युमिनियमचा मुलामा बाहेरून करून घ्यावा लागतो. पैशांची बचत आता फारशी होत नाही; तरी सहा इंची आरसा स्वतः घासलेल्या माणसाला पुढे कुठलीही दुर्बीण उघडायची भीती वाटत नाही. शिकवणारं माणूस मात्र जवळ हवं.

गेल्या नाताळातली दुर्बीण माळ्यावर पडून आहे. काय करू?

खाली काढा आणि उजेडात भिंगातून तिरपं बघा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. सुरुवात असेल तर साफ होते, पण शर्टाच्या टोकानं पुसू नका, जाणकाराला दाखवा. आरशावर नुसती धूळ असेल तर राहू द्या, दृश्यात फरक पडत नाही. यापुढे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात नेत्रिका ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर भाजून घ्या. तिपाई डुगडुगत असेल तर तिच्या मध्यावरून पाण्याची पाच लिटरची बाटली टांगा, बराच फरक पडतो.

तरी घरात कुणी हात लावत नसेल तर गावच्या शाळेला देऊन टाका, फक्त नुसती पाठवू नका. सोबत एका संध्याकाळी जा, विज्ञानाच्या बाईंना ती जोडायला शिकवा, आणि सप्तमी-अष्टमीचा चंद्र असेल असा दिवस निवडा.